गवारीच्या गुठळ्या

दाबमापकाचा काटा चढत होता, तसे तेलविहिरीवरचे सगळे खुलत होते. गवारीच्या डिंकाचं दाट पाणी जमिनीत अडकलेलं तेल पुढे ढकलतंय, असं त्यांना वाटत होतं.

मिश्रण करणारी शलाका मात्र काट्यावरून नजर हटवत नव्हती. भुकटी चाळणीतून भुरभुरायची सोडून तिने घाईत अख्खं पोतं टाकीत उपडं केलं होतं. हा दाब त्यातून झालेल्या गुठळ्यांचा होता. विहीर कायमची तुंबली तर?

साहेब शाबासकी द्यायला आले. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पंप बंद करा, सर. चूक माझी आहे."

पंपावरच्या गावितकाकांनी झटकन खटका ओढला. "पोतं ओतताना बघितलं होतं मी. तेव्हाच विहिरीत जाणाऱ्या नळीला गाळणी लावली. ती तुंबलीय, विहीर नाही." त्यांनी कपाळ पुसलं. "तू बोलणार नाहीस, एवढीच भीती होती."