मागे नाही

पहिली थोबाडीत बसली तेव्हा परका वास्तुविशारद नुसता बघत राहिला. त्याचा चष्मा उडून सिमेंटच्या गोणीवर पडला.

"माझा जिना कुणाला विचारून तोडलास?" सहीसाहेब ओरडले.

गाल चोळत तो म्हणाला, "तुम्हाला. सही तुमची."

मग दुसरी बसली, आणि ती मुठीची होती.

सही त्यांचीच होती, यात खोटं काहीच नव्हतं. सीमेपलीकडच्या वास्तुविशारदांना इथं काम करायची मुभा मिळाली, पण नकाशावर सही इथल्याच माणसाची हवी, असा कायदा निघाला. तेव्हापासून ज्या माणसानं निम्म्या शहराचे नकाशे काढले होते, त्याचं नाव सहीसाहेब पडलं. मेव्हणा तर भर जेवणात म्हणायचा, "दाजी, तुमचं बरंय बुवा. डोकं नको, हात चालला की झालं." दाजी हसायचे आणि घास गिळायचे. परक्याच्या ऑफिसातून नकाशांचा गठ्ठा आला की फक्त खालचा कोपरा उलगडायचा आणि सही ठोकायची. वर काय काढलंय ते बघायचे नाहीत. बघितलं असतं तर पोटात दुखलं असतं.

पण ही इमारत त्यांची होती. मधेच मालक बदलला आणि काम परक्याकडे गेलं, तरी मूळ नकाशा त्यांचाच. ऐसपैस जिना, आणि प्रत्येक वळणावर म्हाताऱ्या माणसाला टेकायला छोटा कट्टा. असलं काम आता पुन्हा हातून होणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आज सहज म्हणून मालाच्या लिफ्टनं वर आले, तर मजूर त्या जिन्यावर घण घालत होते. तळपायाची आग मस्तकात गेली.

परक्याच्या ओठातून रक्त येत होतं. त्यानं हात उचलला नाही, याचा सहीसाहेबांना आणखीच राग आला. खालचा सळईचा तुकडा उचलून त्यांनी त्याच्या खांद्यावर हाणला. तो कळवळून मागे सरकला. पुन्हा हाणला, तो आणखी सरकला. मजुरांचे घण थांबले, पण पुढं कुणी येईना.

अचानक परका जागच्या जागी थांबला. त्यानं वळून पाहिलं, आणि दोन्ही हात पुढं करून ओरडला, "मागे नाही!"

त्याला आपली भाषा कामापुरतीच यायची. आण, ने, पुढे, मागे, आहे, नाही.

"मागे नाही?" सहीसाहेबांचा आवाज चिरकला. "माझ्या इमारतीत उभा राहून मला सांगतोस, मागे हटणार नाही? आयत्या बिळावरचा नागोबा!"

"मागे नाही! मागे नाही!" त्यानं त्यांची मनगटं गच्च धरली.

सहीसाहेबांना तो मजला पाठ होता. परक्याच्या मागे पार भिंतीपर्यंत सलग स्लॅब. पडला तर ढुंगणावर पडेल आणि अक्कल येईल. त्यांनी हात सोडवले आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून त्याला ढकललं.

त्याच्या पायाखाली धुळीनं माखलेलं प्लायवूड वाजलं. मग ते मोडलं. जिथं स्लॅब हवा होता तिथं चौकोनी भोक होतं, आणि परका दिसेनासा झाला. खालून आवाज आला, तो एकदाच.

मुकादम धावत आला. भोकातून खाली बघून त्यानं डोकं धरलं.

"काय केलंत हे, साहेब! मागे स्लॅब नाही, असं सांगत होते ते. तेवढं लांब बोलता येत नाही त्यांना."

"भोक कसं आलं इथं?" सहीसाहेब पुटपुटले. "माझ्या नकाशात इथं भोक नाही."

"नव्या नकाशात आहे ना! जिना इकडं हलवलाय, उजेड मिळावा म्हणून. तुम्हीच तर सही केलीत."

जिना तोडला तर नवा कुठं गेला? पहिल्या वर्षाच्या पोरानंही हे विचारलं असतं. सहीसाहेब गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी वाकून पाहिलं. खालच्या मजल्यापर्यंत नवा जिना काँक्रीट भरून तयार झाला होता. जुन्याइतकाच ऐसपैस होता. वळणावर कट्टाही होता, त्यांच्याच मापाचा. त्या कट्ट्यावर परक्याचं डोकं आपटलं होतं. मान भलतीकडं वळली होती, आणि ताज्या सिमेंटवरून रक्त पायऱ्यांकडं चाललं होतं.

सळई अजून त्यांच्या हातातच होती.

"शिडी आणा रे!" मुकादम ओरडला. मग त्यांना म्हणाला, "साहेब, तुम्ही मागे सरका."

सहीसाहेबांनी आधी मागे वळून पाहिलं. मागे स्लॅब होता.