थोरलीचं गप्प बसणं

धाकटीची एक चूक चारचौघांत उघडी पडली, की थोरलीचा फायदा तिहेरी होता. प्रशिक्षणाचं काम तिच्याकडे येणार, डॉक्टरांपुढे तिचा शब्द वर राहणार आणि घरी सासूबाईंचं धाकटीपुराण बंद पडणार.

चूक समोर फळ्यावरच होती, धाकटीच्या वळणदार अक्षरात: 'उजवा गुडघा'. टेबलावरच्या आजींना भूल देऊन झाली होती.

दोघी सख्ख्या जावा, एकाच ऑपरेशन थिएटरात नर्स. थोरलीची इथली सव्वीस वर्षं, धाकटीची आठ. तरी सगळ्यांनी मिळून चुका कशा टाळायच्या, हे शिकवायला निवड झाली धाकटीची. तेव्हापासून थोरलीच्या पोटात दुखत होतं आणि एवढ्या मोठ्या दवाखान्यात त्यावर गोळी नव्हती.

धाकटीचा नियम साधा. चिरण्याआधी फळा मोठ्यानं वाचायचा. ज्याला खटकेल त्यानं 'थांबा' म्हणायचं, मग तो कुणी का असेना.

हात धुण्याआधी थोरलीनं आजींच्या सहीचा कागद वाचला होता. त्यात गुडघा डावा होता.

"उजवा गुडघा," धाकटीनं वाचलं आणि थोरलीकडे पाहिलं.

थोरलीनं मास्कआड ओठ मिटले. डॉक्टर स्वतः एकदा कागद बघतातच. बघतील, भडकतील, धाकटीची शोभा होईल. गुडघ्याला काय धाड भरलीय!

डॉक्टरांनी आज कागद पाहिला नाही. सगळ्यांनी ऐकलंय म्हणून निर्धास्त हात पुढे केला. त्या हातात चाकू थोरलीनंच द्यायचा होता. आता बोलावं तर मघाशी का नाही बोललात, असं विचारतील. तिनं चाकू उचलला.

"थांबा!" दाराशी उभ्या सफाईच्या मावशी ओरडल्या. "आजी तर स्ट्रेचरवर डावा गुडघा धरून कण्हत होत्या!"

कागद आला. डॉक्टर धाकटीवर कडाडले. दुपारपर्यंत तिचं काम थोरलीच्या नावावर झालं.

कपडे बदलताना धाकटी डोळे पुसत म्हणाली, "वाचतानाच मला शंका आली होती हो, ताई. म्हणून तर तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही गप्प होतात, म्हटलं बरोबरच असणार."

दुसऱ्या दिवशी फळा थोरलीनं वाचला. कुणीच 'थांबा' म्हटलं नाही. आजींचं काही गेलं नव्हतं, धाकटीचं पद गेलं होतं. थोरली मात्र मास्कांवरचे डोळे एकेक करून पाहत राहिली. यांतलं कोण आपल्यासारखं गप्प आहे, ते तिला कळेना.