समोरची जागा

नव्या देशात पाऊल ठेवताच मोठ्यांच्या सामानाची तपासणी होते आणि लहानांच्या बुद्धीची. दोहोंत काही ना काही पाहायचे राहूनच जाते.

येमेनहून इस्रायलला येऊन नद्राला जेमतेम महिना झाला होता. गावी घरात प्रार्थनेची एकच हिब्रू पोथी. ती मांडीवर घेऊन वडील शिकवू लागले की तिघे भाऊ त्यांना खेटून बसत. नद्राला उरे ती समोरची जागा. आज नव्याने आलेल्यांच्या छावणीतल्या शाळेत त्सिपोराबाईंनी पुस्तक उघडून तिच्यापुढे नीट सरळ ठेवले, आणि नऊ वर्षांची नद्रा त्याकडे नुसती पाहत राहिली.

"हिला पहिलीत बसवावं लागेल," बाई म्हणाल्या.

"पहिलीत? शेंबड्या पोरांत?" दारातून धाकट्या सालेमने दात काढले. "ताई, शाळा सुटली की बोट धरून मीच नेईन हं तुला!"

"तू घरी चल, मग बघते," नद्रा पुटपुटली. पण तिचे डोळे भरून आले होते.

टेबलाच्या पलीकडे बाईंनी आपली वही उघडली आणि पोथीतल्यासारख्या टपोऱ्या छापील हिब्रू अक्षरांत शेरा लिहिला.

नद्राने तो जागेवरूनच खणखणीत वाचला: "'नद्रा याह्या. एकही अक्षर वाचता येत नाही.' बाई, हे खोटं आहे! वही बरोबर ठेवलीत, पण मघाचं पुस्तक मात्र उलटं दिलंत!"

शेरा खोडणाऱ्या त्या हाताचे, आणि एका पोथीभोवती शहाण्या झालेल्या त्या लेकरांचे, सदैव कल्याण असो.