बाटलेलं खरबूज

हिंमतरावांनी खरबुजाची फोड तोंडात टाकली आणि तशीच अंगणात थुंकली.

"थू! हाई काय शे?"

त्यांच्या लेकीनं, छबूनंही तेव्हाच मोठ्ठा घास घेतला होता. जिभेला काहीतरी बुळबुळीत चिकटलं. ना गोड, ना आंबट, आणि वर मोरीचा वास! ओल्या चिंधीचा बोळा चघळावा तसं. शी! तिनं परकराला जीभ पुसली, तरी चव काही जाईना.

आणि याच खरबुजाचं कौतुक घरातल्या कौसाकाकूनं महिनाभर गल्लीला ऐकवलं होतं! न्हाणीचं पाणी तिनं मुद्दाम त्या आळ्यात वळवलं होतं. काकांच्या चुळा, बाळाचं ढुंगण धुतलेलं पाणी, सगळ्यांच्या अंगाचा मळ, सगळं तिथं मुरत होतं. काकू म्हणायची, "पाणी पी पीसनी कसं फुगी ऱ्हायनं देख!"

आता काकूनं फोड हुंगली, नाक मुरडलं आणि बोट दाखवलं ते शेजारच्या वेलाकडे.

"काकडीनी बाटाडं मन्हं खरबूज!"

काकडीचं बी रेवाबाईनं तोरणमाळच्या आपल्या पाड्यावरून आणलं होतं. ती रोज परसात निंदायला यायची. वेल तिनं आणि छबूनं मिळून लावला होता. आत्ताही ती खुरपं घेऊन तिथंच उभी होती.

"डोंगरनं बी ते! चांगला वेलना शेजारे लावं, मंग बाटनारच," काकू म्हणाली. हे म्हणताना ती वेलाकडे बघत नव्हती.

छबूला कुठलं राहवतंय! मराठी सहावीत पहिली आलेली पोर ती. ती पुढं झाली आणि शाळेत धडा म्हणावा तशी खणखणीत बोलली, "आबा, काकडीनं फळ बिघडत नाही. गुरुजींनी सांगितलंय. भुंगा पराग आणतो, पण फळ आईच्याच वळणावर जातं. बिघडलंच तर आतलं बी बिघडतं, पुढच्या सालचं. आणि दुसरं म्हणजे..."

"बी बिघडस?" हिंमतराव दचकले.

"हो, पण काकडीचं आणि खरबुजाचं मुळी जमतच..."

"म्हनजे पुढला साले बी हाईच थुंकनं? उपटी टाक तो वेल! आन रेवा, आते तू परसमा पाय ठेवू नको."

"देखा!" काकूनं टाळी वाजवली. "शाळानी पोरगी बी तेच सांगी ऱ्हायनी."

मोरीची ती चव छबूच्या घशाशी पुन्हा आली, पण आता ती खरबुजाची नव्हती.

रेवाबाईनं वाकून वेल मुळापासून ओढला. वेलाच्या शेंड्याला एकच काकडी उरली होती, जाड, पिवळी पडलेली. ती हातात घेऊन रेवाबाई छबूला हळूच म्हणाली, "राखेल शे. बीसाठे."

"दे ते इकडे!" काकूनं काकडी ओढून घेतली. "तोंड पार सडी गये वं माय." तिनं ती गुडघ्यावर आपटून मोडली, घरातून चिमूटभर मीठ आणलं आणि आळ्याच्या कडेला बसून कराकरा खाऊ लागली. गालावरून पाणी ओघळलं. डोळे मिटले.

"काकू," छबू म्हणाली, "तू नाही का बाटलीस?"

"खावाले काय व्हस?" काकूनं बोटं चाटली. "ग्वाड शे वं, खरंच."

बिया मात्र टणक होत्या. फू, फू करत काकूनं त्या ओल्या आळ्यात थुंकल्या आणि पदरानं तोंड पुसत ती घरात गेली. रेवाबाईनं खुरपं ओट्यावर ठेवलं. फाटक करकरलं.

छबू खाली बघत राहिली. काकूच्या थुंकीत बिया चमकत होत्या. तिनं घराकडे एकदा पाहिलं, नाक दाबलं आणि पायाच्या अंगठ्यानं त्या राखलेल्या बियांवर माती सारली.