बाबांचा वास

तेलाच्या विहिरीतून तेलाबरोबर जो गॅस वर येतो, त्याला स्वतःचा वास नसतो. म्हणून तो घराघरांत पाठवण्याआधी त्यात कुजक्या कोबीसारखा घाणेरडा वास मिसळतात. कुठे गळती झालीच, तर माणसं वेळीच सावध व्हावीत. तो वास मिसळायचं काम तो वीस वर्षं इमानेइतबारे करत होता.

वास त्याच्या कपड्यांत, केसांत असा काही मुरला होता की साबणानेही हात टेकले होते. तो जिना चढायला लागला की त्याच्याआधी त्याचा वास घरात हजर! "आली स्वारी," म्हणत बायको नाक मुरडायची आणि हसत हसत चहाचं आधण ठेवायची. बेल वाजवायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही.

आज बदलीचा माणूस उगवलाच नाही. दुसरी पाळीही याच्याच गळ्यात पडली. संध्याकाळी त्याने कारखान्यातूनच घरी फोन लावला. लेकीने उचलला.

"बाळा, मला आज यायला उशीर होईल गं. आईला सांग, तुम्ही दोघी जेवून घ्या."

पलीकडे लेक खुदकन हसली.

"बाबा, उगाच थापा मारू नका हं! जिन्यातूनच फोन करताय ना? मघापासून केवढा वास येतोय तुमचा. आई चहा ठेवायला गेलीसुद्धा!"