पंखातले तीन ठोके

ब्लाझेना विमानाच्या पंखात लपली होती. काम चाललंय असं दाखवायचं होतं, पण खरं ते खरं. लपली होती.

"मतदान होईपर्यंत आतच राहा," मिस्त्री झापलेताल सकाळी तिच्या कानाशी पुटपुटला होता. "हात वर करायला नको, खाली ठेवायलाही नको. तुझ्या लेकीचा, यित्काचा, डॉक्टरकीचा अर्ज त्या जिल्ह्याच्या कॉम्रेडच्याच टेबलावर पडलाय. बाई, डोकं ठिकाणावर ठेव."

म्हणून ती पंखाच्या पोटात पालथी पडून होती. हातात लोखंडी ठोकळा. अकरा वर्षं हेच तिचं काम. बाहेरून ओन्द्रा हवेच्या दाबाच्या हातोड्यानं पत्रे जोडायची रिव्हेट मारायचा, आतून ती ठोकळा लावून धरायची. शेडमधल्या त्या दणदणाटात कोण कुणाचं ऐकतंय? दोघांचं बोलणं ठोक्यांचं. आतून एक ठोका, म्हणजे बसली. दोन, म्हणजे अजून मार. आणि तीन म्हणजे रिव्हेट बिघडली, ड्रिल लाव आणि काढून टाक. तीन वाजले की ओन्द्रा काही न विचारता ड्रिल उचलायचा. मग दारात मंत्री का उभा असेना. "आतली बाई तीन म्हणाली, की तीनच," हा नियम इंजिनियर हालामाचा.

दोन इंजिनांचं हे विमान हालामानंच आखलेलं. चिखलात उतरेल, गवतावर उतरेल, आजारी माणूस नेईल नाहीतर बटाट्याची पोती. पण ब्लाझेनाला त्याची ओळख वेगळी होती. पंखात शिरायच्या भोकानं तिचे खांदे रोज सोलवटायचे. ते पाहून एकदा तो टेप घेऊन खाली आला, तिचे खांदे मोजले आणि भोक दोन बोटं वाढवलं. "कड जाड करावी लागेल, वाढलेल्या वजनाचं मी बघतो," म्हणाला. त्याआधी कुणी विचारलं नव्हतं. कामगारांचं राज्य म्हणे!

तोच हालामा आता शेडच्या मधोमध उभा होता, चोराला उभं करतात तसा. दीड वर्षापूर्वी, ऑगस्टमध्ये, परके रणगाडे देशात घुसले. ते मदतीलाच आले होते असं लिहून द्यायला तो तयार नव्हता. गुन्हा एवढाच.

जिल्ह्याहून आलेला कॉम्रेड कागद वाचत होता. गुबगुबीत माणूस, कोटावर लाल बिल्ला. "हालामा यांना विमानाच्या कामावरून दूर करावं, अशी कामगारांचीच मागणी आहे. बाजूनं कोण?"

पत्र्याला रिव्हेटची रिकामी भोकं होती. ब्लाझेनानं एकाला डोळा लावला. हात वर जात होते. झापलेतालचा गेला. ओन्द्राचाही गेला. चारशे हात, आणि एकाही हाताचं तोंड वर नव्हतं. सगळे आपापले बूट बघत होते.

"विरोधात?"

एकही हात वर गेला नाही.

टक. टक. टक.

ठोकळा कसा हलला, तिचं तिलाच कळलं नाही. मघाशी वर गेलेला ओन्द्राचा हात झटकन ड्रिलकडे वळला. सवय ती सवय. मिस्त्रीनं त्याच्या पायावर पाय दिला.

"हे काय?" कॉम्रेडनं विचारलं.

"काही नाही हो, कॉम्रेड. आतली बाई आहे. कामाची खूण," झापलेताल घाईनं मध्ये पडला. "तीन म्हणजे... रिव्हेट बिघडलीय, काढून टाका."

कॉम्रेडचा चेहरा खुलला. "वा! याला म्हणतात कामगारांची भाषा! बिघडलेली रिव्हेट काढून टाका! ऐकलंत, हालामा? आतली बाईसुद्धा तेच म्हणतेय. लिहा, एकमतानं मंजूर. आणि ठरावावर पहिली सही त्या बाईंची. काही अडलंनडलं असेल तर सांगा बाई, आम्ही आहोत!"

झापलेताल पंखाला तोंड लावून कुजबुजला, "गप पडून राहा, बये! देव पावला तुला. झाली तुझी लेक डॉक्टर!"

घरच्या कुत्र्याच्या पायाला पट्ट्या बांधून शिकणारी यित्का ब्लाझेनाच्या डोळ्यापुढं आली. तिनं डोळा पुन्हा भोकाला लावला. हालामा पंखाकडेच बघत होता. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. ते तीन ठोके आपल्यासाठीच, असं त्याला खरंच वाटलं होतं. आतली बाई खोटे तीन देत नाही, हे त्यानंच तर सगळ्यांना शिकवलं होतं.

ती मागं सरकत बाहेर आली. आधी पाय, मग खांदे. खांदे कुठंही अडले नाहीत. केसांत ॲल्युमिनियमचा कीस, हातात ठोकळा.

"अगं ए, कुठं निघालीस?" ओन्द्रानं दबक्या आवाजात विचारलं.

"रिव्हेट दाखवायला. साहेबांना कुठली ते कळलं नाही."

चारशे माणसांमधून ती चालत गेली. हालामापाशी थांबली नाही. कॉम्रेडनं हसत हात पुढं केला. तिनं तो धरला नाही. पातळ पत्रा तपासावा तसा, हलक्या हातानं, तिनं ठोकळा त्याच्या छातीवरच्या लाल बिल्ल्याला लावला.

टक. टक. टक.

आणि मागं ओन्द्रानं ड्रिल चालू केलं.