पहिली चीर

गोजरबाईने मोठा कोहळा उलटा केला, तर बुडाशी बोट आत रुतलं. नासायला लागला होता. आणखी चार दिवसांत बाकीचेही नासणार. घरात उडदाची डाळ वाटून तयार, सांडगे घालायला बाज धुऊन अंगणात टाकलेली, परसात वेलांसाठी आळी खणून झालेली, आणि बी मात्र अजून कोहळ्याच्या पोटात. आज अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, वेल लावायचा दिवस. सगळं एका चिरेवाचून अडलं होतं.

कोहळा बाईने फोडायचा नसतो. थोरल्या लेकाच्या जिवाला लागतं म्हणतात. पहिली चीर पुरुषाने द्यायची, मग बाईने खुशाल फोडी कराव्यात. नवरा गेल्यापासून गोजरबाईकडे ती चीर वामन देई. तिचा एकुलता एक. लग्न होऊन तो देऊळगाव राजाला सासरच्या दुकानात बसायला गेला, तेव्हा बजावून गेला होता, "माय, कोहळ्याले कोणाचा हात नोको लागू देऊ. अखजीले मी येतोच."

त्या शब्दावर तिने काल चीर द्यायला आलेल्या शेजारच्या तुळशीरामलाही परत पाठवलं होतं. "माहा लेक येऊन राह्यला," असं साऱ्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली होती.

दुपारच्या एस.टी.ने आशाबाई शेजारीण देऊळगावच्या बालाजीचं दर्शन घेऊन आली. गोजरबाई तिच्या पाठीमागे बघत राहिली. रस्ता रिकामा होता.

"वामन काऊन नाही आला वं?"

आशाबाईला खोटं बोलणं जमेना. "गेलती ना मी त्याच्या सासरी, पाणी प्याले. त्याच्या सासूले नवरा नाही, लेक नाही. तिचे कोहळे चिरून राह्यला होता. यंदा जमत नाही, म्हणे."

सासूचे सांडगे खोळंबू नयेत याची पोराला काळजी होती. आईचे कोहळे सडले तरी त्याचं काही अडत नव्हतं. गोजरबाई आत जाऊन विळी घेऊन आली आणि पाय रोवून बसली.

"अवं, काय करून राह्यली!" आशाबाई ओरडली. "थांब, तुळशीरामले हाक मारतो. लेकाच्या मायनं कोहळा चिरू नाही!"

"हाव ना," गोजरबाई म्हणाली आणि कोहळा पात्यावर दाबला. "जिले लेक हाय, तिनं चिरू नाही."